वळणावरून नमस्कार

सिदी नेनीनं, म्हणजे आमच्या सिदोनिया मावशीनं, एकतीस वर्षं ट्राम चालवली. त्या एकतीस वर्षांत तिच्या ब्रेकमुळे गाडीत उभं असलेलं एकही माणूस पडलं नाही. हे ती स्वतः कधी सांगत नसे, पण तिच्याबरोबर डेपोत काम केलेली माणसं अजून सांगतात. निवृत्त झाली तेव्हा तिला जुन्या ट्रामचा पितळी दांडा भेट मिळाला. तो तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला आणि त्यावर हात पुसायचं फडकं अडकवलं. भेटवस्तू कपाटात ठेवून तिला काय मिळणार, असं तिचं म्हणणं.

बुडापेस्टच्या आठव्या विभागात आमची इमारत आहे. चार मजले, मधे चौक, आणि प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती फिरणारी उघडी गॅलरी. सगळ्यांची दारं आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या गॅलरीतच उघडतात. सिदी नेनीचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून दुसरं. त्यामुळे पुढच्या सात घरांतल्या प्रत्येक माणसाला बाहेर पडताना आणि परत येताना तिच्या खिडकीवरून जावंच लागतं. मीही त्यातलाच एक, पाचव्या दारातला. आणि खिडकीवरून जाताना नमस्कार करावाच लागतो. या इमारतीत दोन माणसं एकमेकांना नमस्कार न करता गेली, तर संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळतं की त्यांचं फाटलं.

माकोश तिच्याकडे आला तो तिची बहीण वारल्यावर. डॅक्सहुंडाच्या वंशातला, पण पूर्ण डॅक्सहुंड नव्हे. सहा किलो वजन, आखूड पाय, करड्या अंगावर काळे ठिपके. त्या खसखशीसारख्या ठिपक्यांवरूनच बहिणीनं त्याला माकोश हे नाव दिलं होतं. चार वर्षं तो खेड्यात, कुंपण असलेल्या बागेत राहिला होता. दिवसातून दोन माणसं दिसली तर खूप. आणि आता एकदम ही खिडकी, जिच्यापासून हातभर अंतरावरून सकाळी दहाच्या आत सव्वीस वेळा कोणी ना कोणी जायचं. सव्वीस हा आकडा सिदी नेनीचा आहे. तिला मोजायची सवय होती, थांब्यावर किती चढले, किती उतरले.

माकोश त्या सव्वीसच्या सव्वीस वेळा भुंकायचा. काचेवर पंजे मारायचा, ओठ वर करून दात दाखवायचा. नेनी बाजारहाटाला बाहेर पडली की दाराला नाक लावून असा रडायचा की चौथ्या मजल्यावरून लोक खाली वाकून बघत. मजल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं वर्तमानपत्राची सुरळी कर, कोणी म्हणालं अंधाऱ्या खोलीत कोंड. नेनीनं त्यातल्या त्यात सौम्य वाटलेला उपाय निवडला: सोड्याची बाटली. दांडी दाबली की फवारा उडणारी, जी आमच्या प्रत्येक घरात टेबलावर असते. माकोश भुंकला की फुस्स. आठवड्याभरात निकाल लागला. माकोश भुंकायचा तेवढाच भुंकत राहिला, पण आता शेजारी कोणी वाइनमध्ये सोडा घातला तरी तो पलंगाखाली जाऊन थरथरायचा. गॅसवर कॉफीची किटली फुसफुसली तरी पलंगाखाली.

दुसरी चूक तिनं प्रेमापोटी केली. माणूस समोर आलं की ती त्याला उचलून छातीशी धरायची. तिला वाटायचं, आपल्या हातात तो सुरक्षित. पण हातात धरलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आणि त्यातूनच जूनमधली ती गोष्ट घडली.

मजल्याच्या अगदी टोकाला बोक्रोश मास्तर राहतात. तिहामेर बोक्रोश, चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेले, वय शहात्तर, उन्हाळ्यातही डोक्यावर टोपी. सकाळी सात वीसला ते पावाला निघायचे, आणि नेनीच्या खिडकीशी आले की टोपी उचलून म्हणायचे, "केझेत चोकोलोम, सिदोनिया." आपल्या हाताला ओठ लावतो, असा त्याचा अर्थ. आता कोणी लावत नाही, नुसतं म्हणतात. मास्तर मात्र वर्षातून एकदा, नेनीच्या नावाच्या दिवशी, म्हणजे कॅलेंडरात सिदोनिया हे नाव छापलेलं असतं त्या दिवशी, फुलं घेऊन यायचे आणि खरोखर लावायचे. वीस वर्षांचा हा नेम होता.

यंदाच्या त्या नावाच्या दिवशी नेनी दाराबाहेर खुर्ची टाकून आंबट चेरीच्या बिया काढत होती. माकोश मांडीवर. मास्तर आले, टोपी उचलली, कमरेत वाकले आणि त्यांनी तिच्या हाताकडे हात पुढे केला. माकोशला दिसलं ते असं: एक काळं काहीतरी वर उचललं गेलं आणि एक मोठा माणूस आपल्या अंगावर आला. त्यानं मास्तरांच्या मनगटाला चावा घेतला. बाही फाटली, दोन थेंब रक्त आलं, फुलं चेरींच्या पातेल्यात पडली.

नेनीनं माफी मागितली, बाही शिवून देते म्हणाली. मास्तर म्हणाले, "बाहीचं काय एवढं. बिघडलंय ते दुसरंच." आणि त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापक एमोकेबाईंकडे लेखी तक्रार दिली.

सभा भरली. आमच्या सभेची रीत अशी की सहाच्या सभेला कधीच पुरेशी माणसं जमत नाहीत, म्हणून नोटिशीतच साडेसहाची दुसरी सभा छापलेली असते आणि सगळे साडेसहालाच येतात. ठराव झाला: ऑक्टोबरच्या सभेपर्यंत मुदत. तोवर कुत्रा पुन्हा कोणाला चावला, किंवा हे भुंकणं असंच चालू राहिलं, तर नेनीनं त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात द्यायचं. नेनीनं ठरावावर सही केली. परत येताना जिन्यात ती माझ्याशी एवढंच बोलली, "बहिणीचं माझ्याकडे दुसरं काही नाही रे. घर विकलं, भांडी वाटली. हा तेवढा उरलाय."

दुसऱ्याच दिवशी ती माकोशला डॉक्टर रेकाकडे घेऊन गेली. रेका तरुण आहे, स्पष्ट बोलते. तिनं आधी त्याचं तोंड उघडून बघितलं. दोन दाढा किडल्या होत्या, त्या काढल्या. मग म्हणाली, दुखणं गेलं, पण सवय राहील, ती काढायला वेळ लागेल. कुत्रा रागीट नाहीये, घाबरलाय. आणि घाबरून तो एक गणित शिकलाय. माणूस येतो, मी भुंकतो, माणूस जातो. माणूस तसंही जाणारच होतं, पण ते त्याला काय माहीत? त्याच्या लेखी तो रोज सकाळी सव्वीस लढाया जिंकतो. जिंकणारा कशाला थांबेल?

मला हे फार पटलं. आमच्या दुरुस्तीच्या धंद्यात बिघडलेलं यंत्र बघताना आम्ही हेच विचारतो की हे चुकीचं काम करून याला नेमकं काय मिळतंय. तोपर्यंत कुत्र्याबद्दल असा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

रेकाच्या सांगण्यावरून सोड्याची बाटली कपाटात गेली. नेनीनं खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेवर केक भाजायचा कागद चिकटवला, म्हणजे बाहेरची माणसं त्याला दिसेनात. त्याची गादी खिडकीखालून उचलून शेगडीमागे नेली. एकटं राहण्याच्या भीतीवर वेगळी तालीम होती. दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसायचं. कोट घालायचा आणि बटाटे सोलायचे. दाराबाहेर जायचं, दहापर्यंत मोजायचं, आत यायचं. बघणाऱ्याला वाटलं असतं की बाईला विसर पडायला लागलाय. जुलैच्या शेवटी ती पाव आणून परत यायची तोवर माकोश गप्प पडून राहायला लागला.

राहिली होती गॅलरी. रेका म्हणाली होती की जाणाऱ्यांनी कुत्र्याकडे बघू नये, वाकू नये, बोलू नये. नेनीनं ते शब्दशः घेतलं. तिनं मोठ्या अक्षरात कागद लिहिला आणि खाली टपालपेट्यांशेजारी चिकटवला: "माझ्या खिडकीपाशी कृपया मला नमस्कार करू नये. सिदोनिया हालमोश."

कुत्र्याचं नावही त्यात नव्हतं. घाईत राहिलं.

संध्याकाळपर्यंत त्या कागदाखाली कोणीतरी शाईनं लिहिलं होतं: "आनंदाने." नकाशावर नद्यांची नावं लिहावीत तसं तिरकं, सुबक अक्षर. मजल्यावर ते सगळ्यांना ओळखू आलं.

पुढचे पंधरा दिवस दुसरा मजला सुतकात असल्यासारखा होता. लोक मान खाली घालून खिडकीवरून जात. तिसऱ्या मजल्यावर चर्चा होती की नेनी सगळ्यांवर रुसली. पहिल्या मजल्यावर, की सगळे नेनीवर रुसले. आणि माकोशचं काही सुधारलं नव्हतं. उलट, आता पावलं गुपचूप यायची आणि कागदामागून अचानक सावली पडायची. तो दचकून पूर्वीपेक्षा जोरात भुंकायचा.

एका सकाळी मी तिच्याकडे कॉफी प्यायला बसलो होतो. बाहेरून कोणीतरी चोरपावलांनी गेलं, माकोश शेगडीमागून गोळीसारखा सुटला, कागदावर आपटला. नेनीनं कप खाली ठेवला. भिंतीवरच्या पितळी दांड्याकडे बघत राहिली.

"आपण मूर्ख आहोत," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आपण?"

"बरं, मी. आंधळ्या वळणावर घंटा कधी वाजवायची? वळणाच्या आत शिरून? आत शिरल्यावर वाजवली तर माणूस दचकून रुळावरच पडेल. आधी वाजवायची. तीस मीटर आधी, म्हणजे त्याला कळतं की काहीतरी येतंय आणि तो बाजूला होतो. मी एकतीस वर्षं हेच केलं. आणि इथं लोकांना सांगितलं की घंटाच वाजवू नका."

त्याच दिवशी जुना कागद गेला, नवा आला: "कृपया मला नमस्कार करा. पण खिडकीशी नको. जिन्याच्या किंवा गॅलरीच्या वळणावरूनच करा, आणि मोठ्याने. हे माकोशसाठी आहे. मागच्या कागदाबद्दल माफी." खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, "एकदाचं ठरवा बाई." पण हे अक्षर वेगळं होतं, आणि लिहिणारा हसत होता हे कळत होतं.

वळणापासून खिडकी आठ पावलं. नेनीच्या एप्रनच्या खिशात उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे नखाएवढे तुकडे. वळणावरून "चोकोलोम!" ऐकू आलं, की माकोश काही करायच्या आत तुकडा त्याच्या तोंडात. माणूस खिडकीवरून जाईपर्यंत एकामागून एक तुकडे. माणूस गेलं की तुकडे बंद. भुंकला तर रागावणं नाही, मारणं नाही. फक्त पुढच्या खेपेला तुकडा आणखी आधी. "ब्रेक थांबा दिसल्यावर नाही लावायचा," ती म्हणायची. कोणी भेटलं की उचलून घेणंही बंद झालं. तो तिच्या पायांमागे जाऊन उभा राहिला तरी चालेल, जमिनीवर मात्र त्याचे स्वतःचे चार पाय हवेत.

मजल्याला हा खेळ आवडला. जे लोक पूर्वी ओठातल्या ओठात पुटपुटत, ते आता वळणावर उभं राहून आरोळी ठोकत. पोस्टमन बाई गाऊन म्हणायची. खिडकीवरचा कागद नेनी आता रोज नवा लावायची आणि त्यावर आतून पेन्सिलीनं खुणा करायची: भुंकणं नाही, एक रेघ, भुंकला, एक गोळा. ऑगस्टभर कागद गोळ्यांनी भरलेला. सप्टेंबरात गोळे विरळ होत गेले. महिनाअखेरीस मी बघितलं तर सव्वीसात चोवीस रेघा, दोन गोळे. आणि त्या कागदावर रोज ते दोन गोळे एकाच जागी असत: सात वीस आणि आठ वाजता. मास्तर पावाला निघाले, मास्तर पाव घेऊन परत आले.

मास्तर नमस्कार करत नव्हते. रबरी तळव्याच्या बुटांतून, नजर समोर, चौकातल्या अक्रोडाच्या झाडाकडे बघत ते जात. अख्ख्या मजल्यावर आता एकच माणूस असा उरला होता जो माकोशसाठी धोका होता, आणि तक्रारही त्याच माणसाची होती.

नेनी त्यांच्या दारात चेरीचा केक घेऊन गेली. मास्तरांनी आत बोलावलं, केक घेतला, आभार मानले, आणि म्हणाले, "सिदोनिया, मी तुम्हाला वीस वर्षं रोज नमस्कार केला. एक दिवस तुम्ही भिंतीवर लिहिलंत की नको. मग लिहिलंत की हवा, पण आठ पावलांवरून, ओरडून. मी काय फळविक्या आहे?"

"मास्तर, तो कुत्र्यासाठी होता कागद."

"हे पहिल्या कागदात कुठं होतं?"

परत येऊन ती मला म्हणाली की माणूस खोटं बोलत नाहीये, आणि तेच वाईट आहे.

ऑक्टोबरची सभा सोमवारी होती. त्याच सोमवारी, दुपारी, धुराड्यांची तपासणी करणारा माणूस आला.

हीटर पेटायच्या आधी तो दरवर्षी येतो. काळा पोशाख, खांद्यावर तारेच्या ब्रशाचं वेटोळं, जाड तळाचे बूट. तो दिसला की लोक आपल्या शर्टाचं किंवा कोटाचं बटण धरतात, नशीब येतं म्हणून. नोटिशीवर तो दोन ते सहाच्या दरम्यान येणार असं होतं, आणि नेनीला वाटलं होतं तो जिन्याकडून सुरुवात करेल, आपल्याला आवाज येईल, माकोशला आत बंद करता येईल. पण त्यानं मागच्या जिन्यानं चढून टोकापासून, मास्तरांच्या घरापासून सुरुवात केली.

त्या वेळी नेनी दार सताड उघडं टाकून रजया गॅलरीच्या कठड्यावर झटकत होती. माकोश उंबरठ्यावर बसला होता, मोकळा. मी माझ्या दारात उभा होतो, माझ्याकडचं काम आटोपून तो पुढे गेला होता. मी त्या माणसाला वळणावरून तिच्या दाराकडे जाताना बघितलं आणि त्याच क्षणी माकोशलाही बघितलं. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे. ओठ वर. काळं काहीतरी, खांद्यावर आणखी काळं काहीतरी, आणि एक शब्द नाही. नेनीचे दोन्ही हात रजईत, चेहरा कठड्याकडे. मी हाक मारायला पुढे सरकलो. तो माणूस आणखी एक पाऊल पुढे आला.

मागून मास्तर आपल्या दाराला कुलूप लावत होते. त्यांनी मान वळवली. कुत्रा बघितला, काळा माणूस बघितला, नेनीची पाठ बघितली. आणि चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवलेल्या आवाजात म्हणाले:

"केझेत चोकोलोम, सिदोनिया!"

चौकात घुमलं. अक्रोडावरची कबुतरं उडाली.

माकोशचा एक कान फिरला. त्यानं काळ्या माणसाकडे बघितलं, मग मान पूर्ण वळवून नेनीकडे बघितलं. नेनी वळली होती. रजई खाली पडली होती आणि तिचा हात एप्रनच्या खिशात होता.

धुराड्यावाला जागीच थांबला. "मी काही बोललो नाही हं," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प राहा आणि हळूहळू चला," मास्तर त्याला म्हणाले. मग नेनीला, "पुन्हा म्हणू?"

"म्हणा, मास्तर."

ते पुन्हा म्हणाले. एक तुकडा. धुराड्यावाला दोन पावलं चालला. पुन्हा. आणखी एक तुकडा. मास्तरांनी सहा वेळा नमस्कार केला, दरवेळी पूर्ण, नावासकट. समोरच्या गॅलरीत लोक कठड्याला टेकले होते, एका हातात बटण धरून. सहाव्या नमस्काराला तो काळा माणूस उंबरठा ओलांडून आत गेला. माकोश नेनीच्या पायांमागे जमिनीला चिकटून बसला होता, थरथरत, तोंड चालू. एकदाही भुंकला नव्हता.

नेनी खालच्या रजईवर बसली. तिनं हसावं की रडावं ते तिलाच कळत नसावं, दोन्ही चालू होतं. मास्तर चार पावलांवर उभे राहिले. सवयीनं त्यांचा हात टोपीकडे गेला, माकोशनं ते बघितलं, आणि मास्तरांनीही माकोशला बघितलं. हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"टोपी होती तर," ते म्हणाले. "त्या दिवशी. त्याला टोपीची भीती वाटली."

"टोपी, आणि तुम्ही वाकलात. आणि मी त्याला धरून ठेवला होता. चूक माझी जास्त," नेनी म्हणाली.

साडेसहाच्या सभेत एमोकेबाईंनी चौथा विषय वाचला. कुत्रा. मास्तर उठले. तक्रार आपली होती आणि ती आपण मागे घेतो, असं म्हणाले. आपल्यासमोर आज दुपारी जे घडलं ते निम्म्या इमारतीनं बघितलंय, त्यामुळे सांगत बसत नाही. मात्र एक दुरुस्ती नोंदवावी: टपालपेट्यांजवळचा दुसरा कागद तसाच राहावा, फक्त त्यात एक ओळ घालावी, की टोपीवाल्यांनी टोपी डोक्यावरच ठेवावी. त्याला असभ्यपणा समजू नये.

मत घेतलं तेव्हा विरोधात एकही हात वर नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं विचारलं की आपण कुत्र्यासाठी नमस्कार करतोय की बाईंसाठी. नेनी म्हणाली, "काळीज ज्याच्या तोंडात पडतं त्याच्यासाठी." सगळे हसले, आणि एमोकेबाईंनी पाचवा विषय, गळका पाइप, वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम सात वाजून अठरा मिनिटांनी दारात उभा राहिलो. सात वीसला टोकाचं दार उघडलं. मास्तर वळणावर थांबले, दोन्ही हात कोटाच्या खिशात, टोपी डोक्यावर. एकदाच म्हणाले, फार मोठ्यानंही नाही. आतून नखांची टकटक ऐकू आली. माकोश खिडकीकडे गेला नाही, शेगडीकडे गेला, जिथं नेनी उभी होती.

मास्तर खिडकीवरून गेले. आत पेन्सिल कागदावर ओढल्याचा आवाज आला. दहा वाजता नेनीनं मला हाक मारली. कागदावर सव्वीस रेघा होत्या, ओळीनं, एकही गोळा नाही. तिनं त्या दोनदा मोजल्या. मग कागदाचा कोपरा नखानं सोडवला आणि एका ओढीत सगळा काचेवरून काढला. ऊन थेट शेगडीमागच्या गादीपर्यंत पोहोचलं. माकोशनं डोळे किलकिले केले, कूस बदलली, आणि पुन्हा झोपला.